बागेतलं पिल्लू कुणाचं? ओळखताना या चुका टाळा

वळीव पडून गेला की बेळगावात मोबाईलवर फोटो येऊ लागतात. गुलाबी मांसाचा गोळा, मिटलेले डोळे, आ वासलेली चोच. खाली प्रश्न, 'चिमणीचं का हो?'

पहिली चूक इथंच होते. दोन दिवसांचं उघडं पिल्लू फोटोवरून ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. पिल्लू सोडा, घरटं बघा. जास्वंदीच्या बेचक्यात काड्या-मुळ्यांची वाटी असेल तर बहुतेक बुलबुल. रुंद पानाच्या कडा टोचून शिवलेल्या, आत कापूस, म्हणजे शिंपी पक्षी. फांदीला लोंबणारी, बाजूला दार असलेली कोळिष्टकांची पिशवी शिंजीराची. आणि चार काड्या टाकून निघून गेल्यासारखं, खालून अंडी दिसतील इतकं विरळ घरटं होल्याचं. त्यात पिल्लं बहुधा दोनच, पिवळसर लव असलेली.

तरी खात्री नसेल तर खिडकीआड अर्धा तास थांबा. घास घेऊन कोण येतं ते दिसेल.

पण दुसरी चूक इथं होते: चारणारी आई सख्खी असेलच असं नाही. खानापूरकडं तर हे हमखास दिसतं: सातभाई पक्ष्यांचा कलकलाट चाललेला, मधे त्यांच्याहून थोराड एक पिल्लू, शेपटीवर आडवे पट्टे, भूक काही संपत नाही. ते पावशाचं. 'पेरते व्हा' म्हणत फिरणाऱ्या या पक्ष्याच्या मादीनं अंडं त्यांच्या घरट्यात टाकलेलं असतं. कावळ्याकडं कोकिळेचं, तीच गोष्ट.

तिसरी चूक मी स्वतः केली. अंगणात पिसं फुटलेलं, आखूड शेपटीचं बुलबुलाचं पोर टुणटुण उड्या मारत होतं. पडलंय समजून मी त्याला बुटाच्या खोक्यात घातलं. शेजारच्या कन्नड काकू ओरडल्या, "मुट्टब्याड्री!" हात लावू नका. माणसाचा वास लागला की आई टाकते, असं त्यांचं म्हणणं. ते काही खरं नाही, पण ओरडल्या ते बरं झालं. ते पडलं नव्हतं, उडायला शिकत होतं. खोकं रिकामं करून त्याला कुंपणाच्या मेंदीवर ठेवलं, तर पाचच मिनिटांत आई चोचीत किडा घेऊन हजर.

उघडं, डोळे मिटलेलं पिल्लू मात्र खरंच पडलेलं असतं. अलगद उचलून घरट्यात ठेवा. दूध-पाव नको, चोचीत पाणी तर मुळीच नको, श्वासनलिकेत जातं. सारखं डोकावूही नका, कावळा तुमच्यावर नजर ठेवून असतो.

जास्वंदीची छाटणी दोन आठवडे पुढं ढकला. तोवर वाटी रिकामी होते.