शिसं कमी केलं आणि गळ अडकायचा थांबला

अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या क्लॅकमस नदीचं पाणी जुलैत उतरतं, काचेसारखं नितळ होतं. उन्हाळी स्टीलहेडसाठी (समुद्रातून नदीत परतणारा ट्राउट मासा) आम्ही ड्रिफ्ट बोटीतून, म्हणजे प्रवाहासोबत वाहणाऱ्या वल्ह्यांच्या बोटीतून, गळ टाकायचो आणि दर दोन-तीन फेकींमागे तो धोंड्यांत अडकून तुटायचा. एका सकाळी तर डबीतले निम्मे गळ तळाशी गेले. फार हळहळ वाटली, कारण तुटलेली दोरी आणि आमिष तळाशी नेण्यासाठी तिला लावलेलं शिसं नदीतच राहतं.

चूक शिशात होती. वसंतातल्या फुगलेल्या पाण्यासाठीचं वजन मी तसंच वापरत होतो. मग पेन्सिलीसारखी ती कांडी पक्कडीने थोडी थोडी तोडत गेलो. बोटावर धरलेल्या दोरीतून टक्... टक्... असा ठोका दोनेक सेकंदांनी यायला लागला, तेव्हा थांबलो. सलग खरखर म्हणजे वजन जास्त. काहीच नाही म्हणजे आमिष वरूनच चाललंय. वल्ही मारणाऱ्या मित्राला बोट आमिषाच्या वेगाने सोडायला सांगितली. तळाचं पाणी वरच्यापेक्षा सावकाश वाहतं, म्हणून ती किंचित रोखून धरावी लागते.

दुपारच्या आत एका खळाळाच्या शेवटी ठोका अचानक बंद झाला, दोरी जड झाली. मासाच! पाठीवर शेपटीजवळचा छोटा पर शाबूत होता; मत्स्यकेंद्रात वाढवलेल्या माशांचा तो कापलेला असतो, म्हणजे हा नदीतच जन्मलेला. पाण्याबाहेर न काढताच गळ सोडवला.