गोव्यासाठी डीएनए संदर्भसंच: नमुन्यापासून कोर्टातल्या आकड्यापर्यंत

घटनास्थळावरचा डीएनए संशयिताशी जुळला, एवढ्याने काम भागत नाही. असा प्रोफाइल (डीएनएच्या ठरावीक जागांवरच्या रूपांचा संच) लोकसंख्येत किती दुर्मीळ, हे सांगावं लागतं आणि त्यासाठी स्थानिक अ‍ॅलील-वारंवारता लागते, म्हणजे त्या जागांवरचं प्रत्येक रूप (अ‍ॅलील) तिथल्या लोकांत किती वेळा आढळतं हा आकडा. तो ज्या नमुन्यांवरून काढतात, तो संदर्भसंच.

पहिली चूक नमुना घेण्याआधीच होते: गोवा एकच समाज मानला जातो. गावडा, कुणबी, वेळीप, धनगर, सारस्वत, ख्रिस्ती हे गट लग्नसंबंधांत बऱ्याच अंशी वेगळे राहिले आणि धर्मांतरानंतरही ख्रिस्ती समाजात जातीची बंधनं टिकली. म्हणून गट आधी ठरवा. आडनावावर मुळीच विसंबू नका. फर्नांडिस किंवा डिसोझा ही नावं बाप्तिस्म्याबरोबर आली, त्यांवरून मूळ घराणं कळत नाही. आईवडील आणि चारही आजी-आजोबांचं गाव, समाज, आणि सांगता आलं तर कुळदैवत व वांगड (एका पूर्वजापासूनचं कूळ) विचारा. एका कुटुंबातून एकच व्यक्ती घ्या. एकाच वांगडाचे पुरुष वाय-गुणसूत्राने बहुधा एकच निघतात, त्यामुळे वाय-एसटीआरसाठी (वाय-गुणसूत्रावरच्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या डीएनए-तुकड्यांच्या तपासणीसाठी) ते वेगवेगळ्या गावांतून निवडा, नाहीतर एकच हॅप्लोटाइप (बापाकडून एकत्र आलेल्या रूपांचा संच) फुगून दिसेल.

प्रत्येक गटातून निदान 200 असंबंधित व्यक्ती घ्या. नैतिकता समितीची मंजुरी आधी मिळवा, संमतीपत्र कोंकणी किंवा मराठीतून वाचून दाखवा आणि नमुन्यावर नावाऐवजी सांकेतिक क्रमांक लिहा.

रक्त ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणारं द्रव्य) नळीत घ्या. त्याच कामाचं हेपॅरिन पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची क्रिया) अडवतं. एफटीए कार्डावर (नमुना टिकवणारा रसायनयुक्त कागद) थेंब टाकला असेल तर तो पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात गोव्याची हवा याला फार वेळ लावते. ओलसर कार्ड प्लास्टिकमध्ये बंद केलं की बुरशी येते आणि डीएनए तुटतो. वाळलेलं कार्ड कागदी पाकिटात सिलिका जेलसह ठेवा. तुटलेला डीएनए इलेक्ट्रोफेरोग्रामवर (डीएनए-तुकडे लांबीनुसार शिखरांनी दाखवणारा आलेख) लगेच ओळखू येतो: लांब तुकड्यांची शिखरं उजवीकडे खचत जातात.

प्रयोगशाळेत 1.2 मिमीचा एक पंच (कार्डातून कापलेला गोल तुकडा) पुरतो. दोन घातले तर डीएनए जास्त होतो, स्टटर (खऱ्या शिखराशेजारची छोटी खोटी शिखरं) वाढतं, तुकड्यांना लावलेल्या एका रंगाचं शिखर दुसऱ्या रंगात डोकावतं. प्रत्येक प्लेटवर पॉझिटिव्ह व निगेटिव्ह कंट्रोल (माहीत असलेल्या डीएनएचा आणि डीएनए नसलेला नमुना) आणि अ‍ॅलेलिक लॅडर (ज्ञात अ‍ॅलीलची मोजपट्टी) हवेच. कर्मचाऱ्यांचे प्रोफाइलही नोंदवून ठेवा, भेसळ पकडायला तेच उपयोगी पडतात.

पुढे अ‍ॅलील मोजा आणि हार्डी-वाइनबर्ग समतोल (मुक्त लग्नसंबंधांत अपेक्षित असलेलं अ‍ॅलील-जोड्यांचं प्रमाण) तपासा. 20 जनुकस्थानं (तपासलेल्या जागा) असतील तर बॉन्फेरोनीप्रमाणे, म्हणजे चाचण्यांच्या संख्येने भागून, सीमा 0.05 भागिले 20, म्हणजे 0.0025. एकाच जनुकस्थानी समयुग्मजी (दोन्ही अ‍ॅलील सारखे असलेले) जास्त दिसले तर प्रायमरखालच्या (पीसीआरची प्रत जिथून सुरू होते त्या भागातल्या) बदलामुळे अ‍ॅलील हरवल्याची शंका घ्या आणि दुसऱ्या किटने तपासा. बहुतेक जनुकस्थानी जास्त दिसले, तर दोष किटचा नाही. तुम्ही दोन समाज एकत्र मिसळले आहेत. याला वालुंड परिणाम म्हणतात आणि गोव्यात तो हमखास भेटेल.

दुर्मीळ अ‍ॅलीलची वारंवारता 5/2N (N म्हणजे व्यक्तींची संख्या) च्या खाली जाऊ देऊ नका. 200 व्यक्तींसाठी ती 0.0125.

आता आकडा. दोन अ‍ॅलीलची वारंवारता 0.10 आणि 0.20 असेल तर 2pq (p आणि q या दोन वारंवारता) = 0.04, म्हणजे 25 मध्ये एक. थीटा (गटातल्या समान पूर्वजांसाठीची दुरुस्ती) 0.03 धरून बाल्डिंग-निकोल्स सूत्राने हाच आकडा 0.052 येतो, सुमारे 19 मध्ये एक. एका जनुकस्थानी फरक किरकोळ वाटतो, पण 20 स्थानांचा गुणाकार करताना तो प्रचंड होतो. लहान, अंतर्विवाही गटासाठी थीटा 0.03 घ्या, 0.01 वर समाधान मानू नका. वाय-एसटीआरच्या स्थानांचा असा गुणाकार चालत नाही, कारण ती एकत्रच वारशाने येतात. तिथे संचातले हॅप्लोटाइप मोजायचे.

अहवालात "आरोपी निर्दोष असण्याची शक्यता कोटीत एक" असं कधी लिहू नका. योग्य वाक्य असं: "असंबंधित व्यक्तीचा प्रोफाइल योगायोगाने जुळण्याची शक्यता इतकी." सख्खा भाऊ संशयित असू शकत असेल, तर त्याचं गणित वेगळं मांडा.