कुबडीची मूठ मनगटाशी यायला हवी

बेळगावच्या शहापुरात माझं सायकलचं दुकान आहे. पंक्चर काढणं, चाकाचा आऊट काढणं, फ्रीव्हील बदलणं हा माझा धंदा. आमच्याकडं दिव्यांगांना साहित्य वाटायची शिबिरं घेणारा एक सेवाभावी क्लब आहे. त्या क्लबात मला घेतलं ते काही देणगीदार म्हणून नव्हे. शिबिरात वाटायच्या तीनचाकी सायकली खोक्यातून सुट्या आल्या होत्या आणि त्या जोडून द्यायला कुणीतरी पाहिजे होतं. तसा मी शिरलो तो आजतागायत आहे.

त्या पहिल्या शिबिरात आम्ही वीस सायकली वाटल्या. हार झाले, भाषणं झाली. चार महिन्यांनी खानापूर तालुक्यात एका लग्नाला गेलो, तर यजमानांच्या शेजारच्या परसात आमचीच सायकल उभी आणि सीटवर कोंबडी अंडी उबवत बसलेली. मालकीणबाई ओसरीवर होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "तुम्ही एवढ्या मायेनं दिलीत, नको कसं म्हणू? पण माझ्या उजव्या हातात जोरच नाही की." सायकलीचं हाताचं पेडल उजवीकडं होतं. डाव्या हाताच्या सायकलीही मिळतात. आम्ही विचारलंच नव्हतं.

गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. दिव्यांगांना साहित्य देणारी केंद्र सरकारची एडिप नावाची योजना आहे. तिच्यातून कानपूरच्या अलिम्को कारखान्याचं साहित्य मिळतं. अट अशी की सरकारकडून किंवा एखाद्या संस्थेकडून तेच साहित्य गेल्या तीन वर्षांत घेतलेलं नसावं. बारा वर्षांखालच्या मुलांना ही मुदत एक वर्ष. म्हणजे आमच्या बिनकामी सायकलीनं त्या मावशींची हक्काची सायकल तीन वर्षं लांबवली. म्हणून नवीन क्लबवाले सल्ला विचारायला आले की मी सांगतो, आधी टेप घ्या, हाराची ऑर्डर मागनं द्या.

यादीपासून सुरुवात करा. रिक्षावर कर्णा लावून फिरवला तर जे चालत येऊ शकतात तेच येतात. आपल्याला पाहिजे असतो तो माणूस माजघरात असतो. कर्नाटकात ग्रामपंचायतीला दिव्यांगांसाठी एक गावपातळीचा पुनर्वसन कार्यकर्ता असतो, बहुधा तो स्वतःच दिव्यांग असतो. सगळे त्याला व्हीआरडब्ल्यू म्हणतात. तालुक्याला एमआरडब्ल्यू, म्हणजे बहुउद्देशीय पुनर्वसन कार्यकर्ता असतो. त्यांना गाठा. शिवाय आशाताई, अंगणवाडीच्या बाई आणि सकाळच्या वेळी दूध डेअरी. डेअरीत अर्धा तास उभं राहिलं की कुणाच्या घरी कोण अंथरुणाला आहे ते सगळं कळतं. पत्रक मराठी आणि कन्नड दोन्हीत काढा. कन्नडात 'विकलचेतन' हा शब्द चालतो. आमच्या पहिल्या पत्रकावर नुसतं 'दिव्यांग' होतं, आणि बैलहोंगलकडची मंडळी ते बघून पुढं गेली.

कागदांचं काम शिबिराच्या आधी दीड महिना संपवा. एडिपसाठी किमान चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि आधार लागतो. उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या जवळच्या कचेरीतून काढायचा. यूडीआयडी हे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र नसेल तर सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरून द्या. दाखल्यासाठी सरकारी दवाखान्यात तपासणीचा वार कुठला ते फोन करून आधी विचारा, नाहीतर म्हाताऱ्या माणसाला जांबोटीहून दोन बस बदलून हेलपाटा पडतो. आपल्याकडची खरी डोकेदुखी नावाची. रेशनकार्डावर कन्नडात एक नाव, आधारवर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर मराठीत तिसरंच. 'गावडे'चं 'गौडा' झालेलं मी स्वतः पाहिलंय. कागद हातात घेतल्याबरोबर तिन्ही नावं शेजारी शेजारी मांडून बघा.

शिनोळीपलीकडची, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातली माणसंही येणार. त्यांचा दवाखाना बेळगाव, बाजार बेळगाव, आणि कागद मात्र कोल्हापूर जिल्ह्याचे. यूडीआयडी देशभर चालतं, पण नाडकचेरी त्यांना दाखला देणार नाही. म्हणून आम्ही दोन वह्या ठेवतो. एक सरकारी योजनेची, एक क्लबच्या पैशाची. दुसऱ्या वहीत हद्द बघायची नाही.

आता मापं. यात वेळ घालवा.

काखेतली कुबडी देताना माणसाला त्याच्या नेहमीच्या चपला घालून उभं करा. कुबडीचं वरचं टोक आणि काख यांत दोन-तीन बोटं गेली पाहिजेत. हात सैल सोडल्यावर मनगटाची घडी जिथं येते तिथं मूठ यायला हवी, म्हणजे ती धरल्यावर कोपर जरासं वाकतं. वजन हातावर घ्यायचं असतं. बरेचजण कुबडीवर काख टेकवून लोंबकळतात, मग काखेतली शीर दबून हाताला मुंग्या येतात. हे बोलून कळत नाही, दहा पावलं चालवून घ्या. हातकाठीचंही माप मनगटाच्या घडीचंच.

व्हीलचेअरसाठी बसलेल्या माणसाचं ढुंगण मोजा, लाजू नका. दोन्ही बाजूंना बोटभर जागा पुरते. फार रुंद दिली की माणूस एका कुशीवर कलतो. सीटची कड गुडघ्यामागं दोन-तीन बोटं अलीकडं थांबली पाहिजे. मग घरी जा. होय, घरी. खानापूरकडच्या जुन्या घरांचे दरवाजे अरुंद, उंबरा वीतभर उंच. दाराची रुंदी न मोजता दिलेली खुर्ची अंगणात भिजते. कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला गादीशिवाय खुर्ची देऊच नका. दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलायला शिकवा. बसून बसून होणारी जखम वरनं लहान दिसते, आत खोल असते.

कानाचं यंत्र ऐकण्याची तपासणी झाल्याशिवाय वाटू नका. सोबत सेल देताना त्याचं स्टिकर दाखवा. हे सेल हवेवर चालतात. स्टिकर काढलं की सेल सुरू होतो आणि नुसता ठेवला तरी उतरत जातो. एका आजोबांनी पाकिटातल्या सगळ्याच सेलांची स्टिकरं एकदम सोलून डबीत भरून ठेवली होती.

जयपूर फूट हा नकली पाय 1968 साली डॉ. पी. के. सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी केला. आपल्याकडं तो का टिकला हे शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. तो घालून मांडी घालता येते, उकिडवं बसता येतं, अनवाणी चिखलात उतरता येतं. पण पाय कापलेल्या जागेची जखम पूर्ण भरलेली हवी. साखरेचा आजार असलेल्यांच्या बाबतीत डॉक्टरांनी होय म्हटल्याशिवाय माप घेऊ नये. आणि तो भाग पहिले काही महिने आटत जातो, मग आज घट्ट बसलेला साचा पुढं डुगडुगतो. त्यासाठी जादा मोजे द्या आणि परत बोलवायची तारीख तिथंच कार्डावर लिहा.

शिबिराचा दिवस जानेवारीच्या आसपास बरा. पावसाळ्यात खानापूरचे रस्ते विसरा, रोप लावणीत आणि सुगीत सोबत यायला घरचं माणूस मोकळं नसतं. सौंदत्तीची यात्रा आणि बाजाराचा वारही टाळा. हॉल तळमजल्यावरचा घ्या. पायऱ्या असतील तर फळ्यांचा उतार करा. एक इंच उंचीला बारा इंच लांबी, हा हिशोब सुताराला पाठ करायला लावा. दीड फूट उंच जोत्याला अठरा फूट फळी लागते. "एवढी कशाला?" असं तो म्हणणारच. त्याला खुर्चीत बसवून आखूड फळीवरनं खाली सोडा.

रांग लावू नका, टोकन द्या. जेवण बसल्या जागी. टेबलावर एक मराठी, एक कन्नड आणि एक उर्दू बोलणारा बसवा. बोलायचं ते त्या माणसाशी. "यांना काय होतंय?" असं सोबतच्याला विचारू नका, तो समोर बसलाय की. फोटो विचारून काढा आणि नाही म्हटलं तर कॅमेरा खाली.

खुर्चीच्या पाठीवर देणगीदाराचं नाव रंगवण्यावरनं आमच्यात दरवर्षी भांडण होतं. 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' असं पाठीवर घेऊन जिवंत माणसानं आयुष्यभर का फिरावं? आता नावं आम्ही क्लबच्या फळ्यावर लिहितो. दोन देणगीदार तुटले, तुटू देत.

वाटप झालं की माझं काम सुरू होतं. प्रत्येक सायकलीबरोबर एक पाना, पंक्चरचं साहित्य आणि ग्रीसची छोटी डबी. त्या गावातल्या किंवा शेजारच्या गावातल्या सायकलवाल्याचं नाव आधीच काढून ठेवतो. त्याला फोन करून सांगतो, बिल क्लबला पाठव. कुबड्यांचे रबरी बूट पिशवीभर ठेवतो, कारण ते झिजले की ओल्या फरशीवर माणूस घसरलाच. महिन्यानं पहिली फेरी, सहा महिन्यांनी दुसरी. फेरीला जाताना फोन करत नाही. फोन केला की सायकल पुसून अंगणात उभी असते. न सांगता गेलं की ती खरी कुठं असते ते दिसतं.

त्या मावशींची सायकल मी परत आणली. पेडल, साखळी आणि चक्र डावीकडं घ्यायला वेल्डिंग करावं लागलं, दोन दिवस गेले. ती आणायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "थांबा जरा, पिल्लं निघेपर्यंत कोंबडीला दुसरी टोपली देते."