एका घरात बारा बोअर आणि एअरसॉफ्ट: दोन्ही सांभाळायची पद्धत

गोव्यात सत्तरी, सांगे, पेडणे या भागांत पिकाच्या राखणीसाठी लायसनवर घेतलेली एकनळी किंवा दुनळी बारा बोअर बंदूक असलेली घरं आहेत. अशा घरात कुणी एअरसॉफ्टच्या, म्हणजे खेळात प्लास्टिकचे मणी उडवणाऱ्या हुबेहूब बंदुकांच्या, प्रतिकृती जमवू लागलं, की खरा धोका घोळाचा असतो. खरी कुठली आणि नकली कुठली, हे घरातल्या पोराला, पाहुण्याला किंवा दारात आलेल्या पोलिसाला कळत नाही. पुढची सगळी पद्धत हा घोळ टाळण्यासाठी आहे.

सुरुवात शब्दांपासून करा. ‘छर्रे’ हा शब्द काडतुसातल्या शिशाच्या दाण्यांना, एअरगनच्या पेलेटला आणि एअरसॉफ्टच्या प्लास्टिक मण्यांनाही वापरला जातो. घरात नावं पक्की ठरवून घ्या: बारा बोअरचं ते काडतूस, एअरगनचं ते पेलेट, एअरसॉफ्टचा तो बीबी. ‘छर्रे आण’ असं कुणी कुणाला सांगायचं नाही.

खरेदीआधी कायदा बघा. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार २० ज्यूलपेक्षा जास्त शक्तीच्या किंवा ४.५ मिमीपेक्षा मोठ्या व्यासाच्या हवेच्या बंदुकीला लायसन लागतं. एअरसॉफ्टची शक्ती साधारण १ ते २ ज्यूल असते, पण बीबी ६ मिमीचा असतो. म्हणजे शक्ती मर्यादेच्या कितीतरी खाली असली तरी व्यास मर्यादेबाहेर जातो. ‘याला काही लागत नाही’ हे दुकानदाराचं तोंडी उत्तर त्यामुळे पुरत नाही. आपल्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात त्या मॉडेलची शक्ती आणि व्यास लिहून विचारा आणि उत्तर लेखी घ्या. परदेशातून पार्सलने मागवायच्या फंदात पडू नका. प्रतिकृतीचं खऱ्या बंदुकीत रूपांतर करणं शस्त्र कायद्याच्या कलम ६ खाली येतं. त्यामुळे धातूची नळी बसवणं वगैरे प्रयोग नकोतच. खऱ्या बंदुकांबाबत २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका लायसनधारकाला वारशाने आलेली धरून दोनच ठेवता येतात.

ठेवायची जागा वेगळी हवी, आणि शक्य असेल तर खोलीसुद्धा. बारा बोअर रिकामी करून भिंतीला बोल्टने बसवलेल्या लोखंडी कपाटात ठेवा. काडतुसं दुसऱ्या कुलपात, आणि दोन्ही चाव्या फक्त लायसनधारकाकडे. प्रतिकृतींनाही कुलूप हवंच. दिवाणखान्याच्या भिंतीवर त्या टांगू नयेत. नळीच्या टोकाला आणि मॅगझिनला भडक नारिंगी पट्टी लावा. अमेरिकेत नारिंगी टोकाचा नियम आहे. इथे तो ओळखीपुरता उपयोगाचा. मात्र पट्टी दिसली म्हणून समोरची बंदूक नकली, असं कुणीही धरून चालू नये. अंधारात तर ती दिसतच नाही.

हाताची सवय दोन्हींसाठी एकच ठेवा. प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची, नळी माणसाकडे वळवायची नाही, नेम धरेपर्यंत बोट चापावर न्यायचं नाही, नेमामागे काय आहे ते आधी बघायचं. नकलीने खेळताना लागलेली ढिलाई तेच हात खऱ्या बंदुकीपर्यंत नेतात.

रिकामी करायचा क्रम मात्र वेगळा आहे. दुनळी बिजागरीपाशी वाकवून उघडा, दोन्ही काडतुसं काढा, नळ्यांतून उजेड आरपार दिसतो का ते बघा. बॅटरीच्या एअरसॉफ्टमध्ये आधी मॅगझिन काढा, मग सुरक्षित दिशेला सिंगलवर (एका ओढीला एकच बीबी) दोन-तीनदा चाप ओढा, मग सेफ्टी लावा आणि बॅटरी सोडवा. मॅगझिन काढल्यावरही एक-दोन बीबी आत राहतात, आणि त्यांच्यामुळे अपघात होतात. क्रम उलटा केला, म्हणजे मॅगझिन आत असताना चाप ओढला, तर प्रत्येक वेळी नवा बीबी चढतो.

शक्ती मोजायला क्रोनोग्राफ, म्हणजे बीबीचा वेग मोजणारं यंत्र, वापरा. ०.२० ग्रॅमचा बीबी सेकंदाला १०० मीटर वेगाने सुटला, की बरोबर १ ज्यूल होतो. ०.२८ ग्रॅमला तेवढ्याच ज्यूलसाठी सुमारे ८४.५ मीटर वेग पुरतो. म्हणून वेगाचा आकडा बीबीच्या वजनाशिवाय सांगू नका. गॅसच्या बंदुकीत जड बीबी नळीत जास्त वेळ राहतो, त्यामुळे गॅस त्याला जास्त रेटतो आणि ज्यूल वाढतात. एप्रिल-मेच्या उकाड्यात गॅसचा दाबही चढतो. भरलेलं मॅगझिन उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये. खेळताना एएनएसआय झेड८७.१ या अमेरिकी सुरक्षा मानकाचा गॉगल हवाच. साधा चष्मा चालत नाही.

गोव्यातला पावसाळा दोन्हींना छळतो, पण उपाय उलटे आहेत. बारा बोअरच्या पोलादाला पातळ खनिज गन ऑइल लावा. चामड्याच्या म्यानात ती ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि नळीवर गंज चढतो. तेच गन ऑइल एअरसॉफ्टच्या रबरी ओ-रिंगांना लागलं तर रबर फुगतं, गॅस गळतो. तिथे शुद्ध सिलिकॉन ऑइलचा एक थेंब पुरे. ते नळीत किंवा हॉप-अपच्या (बीबीला फिरकी देणाऱ्या भागाच्या) रबरावर गेलं तर बीबी वाटेल तिकडे वळतो. कोरड्या फडक्याने नळी पुसून काढा. ‘बायोडिग्रेडेबल’ म्हणून विकले जाणारे पीएलए प्लास्टिकचे बीबी ओल शोषून फुगतात आणि नळीत अडकतात. पिशवी फोडली की सिलिका जेलसह हवाबंद डब्यात भरा. लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी दर सेलला ३.८ व्होल्टवर आणून ठेवा, पूर्ण भरून नव्हे.

खेळ कुंपणाच्या आत, मालकाच्या परवानगीने. मोले किंवा म्हादई अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र घेऊन जाणं बेकायदा आहे. तिथे प्रतिकृती नेऊन वनरक्षकाला कोड्यात टाकू नका. शिगम्याचं रोमटामेळ, नरकासुराची रात्र, कार्निव्हल, समुद्रकिनारा, यांत ती वेशभूषेचा भाग म्हणूनही नको. विमानात प्रतिकृती हातातल्या सामानात चालत नाही. वाहनातून नेताना बॅटरी सोडवून, बंद बॅगेत, डिकीत ठेवा, आणि बिल सोबत असू द्या. पोलिसांनी अडवलं तर बॅगेत हात घालू नका. हात दिसतील असे ठेवून आत काय आहे ते आधी सांगा आणि बॅग त्यांनाच उघडू द्या.

निवडणुकीत बारा बोअर ठाण्यात जमा करायचा आदेश निघाला, की पावती घेऊन ती लायसनच्या पुस्तिकेत ठेवा. त्या काळात प्रतिकृती घराबाहेर काढू नका.