नेट मास कॉमची मॉक दिल्यावर पुढचे दोन तास काय करायचं

मॉक (म्हणजे सराव परीक्षा) संपली, सबमिट दाबलं, स्कोअर आला, स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला आणि दुसऱ्या दिवशी पुढची मॉक... असं चाललं असेल तर जरा थांबा. मी मास कम्युनिकेशन अँड जर्नलिझममधून नेटची, म्हणजे कॉलेजात शिकवण्यासाठीच्या पात्रता परीक्षेची, तयारी करत होते तेव्हा पहिल्या आठ मॉक अशाच घालवल्या. स्कोअर चार-सहा मार्कांनी वरखाली व्हायचा आणि मला वाटायचं वाचन कमी पडतंय. वाचन होत होतं, चुका बघायचं राहत होतं.

आधी एक लक्षात घ्या. सगळ्यांना सारखा असलेल्या पेपर १ चे ५० आणि आपल्या विषयाच्या पेपर २ चे १०० प्रश्न, एकूण ३०० मार्क, तीन तास आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. त्यामुळे आपण काहीच कोरं सोडत नाही, आणि सोडूही नये, पण मग स्कोअरमध्ये नशिबाचे मार्क मिसळतात, चार पर्यायांत आंधळेपणाने टिक केलं तरी साधारण चारातलं एक बरोबर येतंच. म्हणून मॉक देतानाच शेजारी कागद ठेवा आणि प्रश्नाच्या नंबरापुढे एक अक्षर लिहीत जा: प म्हणजे पक्का, द म्हणजे दोन पर्यायांत अडकलो, तु म्हणजे तुक्का. नंतर आठवून लिहू म्हणाल तर जमत नाही, कारण उत्तर बरोबर आलेलं दिसलं की हे आपल्याला येतच होतं असं वाटायला लागतं.

माझ्या नवव्या मॉकचा कागद अजून आहे. पेपर २ मध्ये ५८ बरोबर. पक्के ४१, त्यातले ३५ बरोबर. द वाले २७, त्यातले १५. तुक्के ३२, त्यातले ८. म्हणजे खरंखुरं येत होतं ते ३५, बाकी अर्धवट आठवण आणि नशीब. पण मला सगळ्यात जास्त हलवलं ते त्या सहा प्रश्नांनी, जे मी पक्के म्हणून टिक केले आणि चुकले. तुक्का चुकला तर तो टॉपिक वाचायचा राहिलाय एवढंच, पण पक्का चुकला म्हणजे डोक्यात चुकीची गोष्ट घट्ट बसलीय आणि ती खऱ्या परीक्षेतही तशीच उतरणार. त्यामुळे सुरुवात इथूनच करा, तुक्के सगळ्यात शेवटी.

त्या सहातले दोन अभिकथन आणि कारणवाले होते, म्हणजे दोन वाक्यं देऊन दुसरं पहिल्याचं कारण आहे का ते विचारणारे. एक असा: अभिकथन, १८७८ मध्ये व्हर्नाक्युलर प्रेस ॲक्ट (देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांवर बंधनं घालणारा कायदा) आला. कारण, अमृत बझार पत्रिका इंग्रजीत निघू लागली. दोन्ही वाक्यं खरी, दोन्ही ओळखीची, मी खूश होऊन 'दोन्ही बरोबर आणि कारण हे योग्य स्पष्टीकरण' टिक केलं. पण पत्रिका इंग्रजी झाली ती कायद्यातून वाचण्यासाठी, म्हणजे तो कायद्याचा परिणाम, कायदा येण्याचं कारण नव्हेच. माहिती शंभर टक्के होती तरी मार्क गेले. अशी चूक झाली की वहीत धडा परत लिहून काढू नका, एवढंच लिहा: 'दोन वाक्यांमध्ये "कारण" हा शब्द घालून मोठ्याने वाचायचं.' मी तेव्हापासून प्रत्येक वेळी ओठांतल्या ओठांत वाचते.

दोन चुका सालांच्या. वर्तमानपत्रांवर देखरेख ठेवणारी प्रेस कौन्सिल पहिल्यांदा १९६६ ला आली, आणीबाणीत गुंडाळली गेली आणि आत्ताची आहे ती १९७८ च्या कायद्याने आलेली, माझ्या डोक्यात ही दोन सालं एकमेकांत मिसळली होती. तसंच अजेंडा सेटिंगचं (लोकांना कोणते विषय महत्त्वाचे वाटतात ते माध्यमं ठरवतात हा सिद्धांत), मॅककोम्ब्स आणि शॉ यांचा चॅपेल हिलमधला अभ्यास १९६८ च्या निवडणुकीवरचा, पण त्यावरचा शोधनिबंध छापून आला १९७२ ला. नुसतं साल पाठ केलं की असं होतं, सालाला घटना बांधून ठेवा. आकाशवाणी-दूरदर्शनच्या स्वायत्ततेसाठीची वर्गीस समिती आणीबाणी संपल्यावर, म्हणून १९७७. प्रसार भारती कायदा १९९० चा, पण लागू झाला १९९७ ला. मग क्रम लावायचे प्रश्न आले की घोकायची गरज राहत नाही.

एक चूक खास आपल्या मराठीवाल्यांची. पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो, इंग्रजी वाक्य अवघड वाटलं की आपण हिंदीकडे बघतो. हिंदीत 'संशोधन' म्हणजे दुरुस्ती! मी घाईत रिसर्च समजून वाचलं आणि प्रश्न होता १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीचा, ज्यात कलम १९(२), म्हणजे अभिव्यक्ती स्वातंत्र्यावरच्या मर्यादांचं कलम, बदललं. रिसर्चला हिंदीत शोध किंवा अनुसंधान म्हणतात. अशा शब्दांचं एक वेगळं पान कराच.

आणि सहावी जुन्या नोट्सची. सीनियरकडून आलेल्या झेरॉक्समध्ये वर्तमानपत्राच्या नोंदणीसाठी १८६७ चाच कायदा होता, पण २०२३ चा नवीन कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झालाय. मीडिया लॉ आणि आयसीटी (माहिती-संपर्क तंत्रज्ञान) या दोन युनिटच्या नोट्स कितीही सुंदर असल्या तरी वर्ष बघितल्याशिवाय वापरू नका.

द वाल्यांमध्ये बरोबर आलेलेही बघायचे, हे कोणी करत नाही. दुसरा पर्याय का चूक आहे ते एका ओळीत सांगता आलं पाहिजे. कल्टिव्हेशन हा सिद्धांत गर्बनरचा हे आठवलं म्हणून टिक केलं, ठीक, पण शेजारच्या पर्यायातला स्पायरल ऑफ सायलेन्स हा सिद्धांत कोणाचा आणि त्यात नेमकं काय म्हटलंय ते येत नसेल तर पुढच्या वेळी तोच प्रश्न उलटा येईल.

वेळेचं थोडक्यात सांगते. एका प्रश्नाला सरासरी ७२ सेकंद मिळतात. शेवटच्या वीस-पंचवीस प्रश्नांत चुका दाटल्या असतील तर ज्ञानाचा नाही, दमण्याचा प्रश्न आहे, पेपर १ मधली डेटाची आकडेमोड नंतरसाठी ठेवून बघा.

वहीत मी तीनच रकाने केले होते: मी काय टिक केलं, तेव्हा डोक्यात काय चाललं होतं, पुढच्या वेळी काय करणार. मधला रकाना भरायला सगळ्यात कंटाळा येतो आणि 'सिली मिस्टेक' लिहून सुटावंसं वाटतं. ते दोन शब्द वहीत येऊ देऊ नका, त्याजागी 'नाही हा शब्द वाचला नाही' असं खरं काय झालं ते लिहा. तीन दिवसांनी उत्तरं झाकून फक्त हेच प्रश्न परत सोडवा, आणि पक्का चुकलेल्यातला एक जरी परत चुकला तर नवीन मॉक अजून उघडू नका.