फ्लूची साथ: अंथरूण धरण्याआधी लिहून ठेवायचं एक पान

साथीची बातमी आली की सगळे आधी औषधांच्या दुकानात धावतात. मागच्या साथीत मीही धावले. थर्मामीटर होता, पॅरासिटामॉल होतं, मास्कचा अख्खा डबा होता. माझं काम माझ्याशिवाय आठ-दहा दिवस कसं चालवायचं, हे लिहिलेलं एक पान मात्र नव्हतं. मी घरून लहान व्यावसायिकांचे हिशेब सांभाळते. ताप १०३ वर गेला त्याच आठवड्यात दोघांच्या कर भरण्याची शेवटची तारीख होती. धाकटा भाऊ धावत आला, उशाशी बसला आणि म्हणाला, "ताई, लॅपटॉपचा पासवर्ड सांग." मी सांगितला तो सहा महिन्यांपूर्वीचा. दुसरा सांगितला, तोही चुकला. तिसऱ्या चुकीनंतर खातं बंद. ते उघडायचा ओटीपी माझ्या फोनवर, फोन उघडायला माझं बोट, आणि घामाने ओलं झालेलं बोट फोन ओळखेना. पिन काही केल्या आठवेना. दोन्ही तारखा गेल्या. दंड माझ्या खिशातून गेला आणि एक जुनं गिऱ्हाईक कायमचं तुटलं. ताप सहा दिवसांत उतरला, पण कामाची घडी बसायला चार महिने लागले.

म्हणून ही यादी. पण आधी लस, कारण तिला वेळ लागतो. घेतल्यावर शरीरात संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे जातात. शेजारी कुणी खोकायला लागल्यावर जाग येऊन उपयोग नाही. "मागच्या वर्षी घेतली होती" हेही उत्तर नाही. विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिण गोलार्धासाठी सप्टेंबरात, लशीत कोणते प्रकार असावेत याची शिफारस करते. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो. पण तो जिवावर बेतण्याची शक्यता कमी होते आणि तेवढ्यासाठी ती घ्यायची. घरात गरोदर बाई, पासष्टीच्या पुढचं माणूस, पाच वर्षांखालचं मूल, मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असेल तर चालढकल अजिबात नको. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देता येत नाही, तेव्हा त्याच्याभोवती वावरणाऱ्या सगळ्यांनी घ्यायची.

औषधांचं थोडक्यात. ताप उतरवायला पॅरासिटामॉल ठेवाच, पण सर्दीच्या बऱ्याच मिश्र गोळ्यांतही तेच असतं. दोन्ही घेतल्या की नकळत दुप्पट डोस पोटात जातो आणि यकृताला धोका होतो. निरोगी प्रौढासाठीही २४ तासांत ४ ग्रॅम ही वरची मर्यादा आहे. गोळी घेतली की वेळ कागदावर लिहा. ग्लानीत "मगाशी घेतली का?" याचं उत्तर कुणाकडेच नसतं. मुलांना आणि किशोरवयीनांना अॅस्पिरिन देऊ नका, त्यातून रेज सिंड्रोम नावाचा दुर्मीळ पण फार गंभीर आजार होऊ शकतो. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, ते स्वतःच्या मनाने घेऊ नका. फ्लूवरची ओसेल्टामिविरसारखी औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात आणि लक्षणं दिसल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केली तर त्यांचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. कुठल्या डॉक्टरांना फोन करायचा हे तापात शोधत बसलात तर हे ४८ तास तिथेच जातात. नंबर आजच काढून ठेवा. रक्तदाबाच्या, साखरेच्या रोजच्या गोळ्या तीन आठवड्यांच्या तरी घरात हव्यात. ऑक्सिमीटर असेल तर बॅटरी तपासा.

आता ते पान. कागदावर लिहा. फोनमध्ये नाही, ईमेलच्या मसुद्यात नाही. कागदावर, मोठ्या अक्षरात, आणि ते कुठे ठेवलंय हे निदान दोन माणसांना माहीत हवं.

त्यावर सगळ्यात वर त्या माणसांची नावं आणि नंबर, ज्यांना तुम्ही आडवे पडल्याच्या पहिल्याच दिवशी कळवायचं. काय कळवायचं तेही लिहून ठेवा: "आजारी आहे, अमुक दिवस काम होणार नाही, तातडीचं असेल तर या नंबरवर बोला." लोक आजारपण समजून घेतात. तीन दिवस फोन वाजत राहिला आणि कुणी उचललाच नाही, हे समजून घेत नाहीत. माझं तुटलेलं गिऱ्हाईक तारीख चुकली म्हणून नाही, त्याला कुणी कळवलं नाही म्हणून गेलं. त्याने मला तसं तोंडावर सांगितलं.

त्याखाली पुढच्या तीस दिवसांतल्या तारखा: भाडं, हप्ता, विम्याचा भरणा, मालाची पोच, जे काही असेल ते. मग येणी आणि देणी, आकड्यासह. मग कुठलं काम थांबलं तरी चालतं आणि कुठलं थांबलं तर नुकसान होतं, याची खूण. या खुणेला फार महत्त्व आहे, कारण मदतीला आलेला माणूस समोर दिसेल ते आधी उपसायला घेतो.

बँकेचा पिन आणि ओटीपी या पानावर लिहायचे नाहीत आणि कुणाला सांगायचेही नाहीत. मग पैसे कसे भरायचे? साथ पसरतेय असं दिसलं की त्या महिन्याची देणी ताप यायच्या आधीच भरून टाका, किंवा बँकेतून आपोआप कापली जातील अशी सोय करा. घरखर्चाचं खातं संयुक्त असेल तर उत्तम. कामाच्या संगणकावर मदतनिसाला त्याचं वेगळं लॉगिन द्या, म्हणजे तुमचा पासवर्ड सांगायची वेळच येणार नाही.

मदतनीस कोण, यातही मी चुकले. मनात धरून ठेवलं होतं की काही झालं तर नवरा बघेल. तो तिसऱ्या दिवशी माझ्या शेजारी त्याच तापाने फणफणत होता. फ्लूचा विषाणू लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासूनच पसरायला लागतो आणि लागण झाल्यापासून एक ते चार दिवसांत माणूस आजारी पडतो. तुम्ही खोली वेगळी कराल तोवर घरातल्यांना तो लागलेलाही असू शकतो. म्हणून पानावरचा माणूस तुमच्या छताखाली राहणारा नको. आणि एक नको, दोन हवेत. साथीत दुसराही पडू शकतो.

पान लिहून झालं की झालं असं समजू नका. त्या माणसाला बोलवा, पान हातात द्या, तुम्ही दुसऱ्या खोलीत जाऊन बसा आणि एक खरं काम त्याला तुम्हाला काही न विचारता करू द्या. माझा भाऊ तिसऱ्याच ओळीवर अडला. मी लिहिलं होतं, "पावत्यांची फाईल नेहमीच्या जागी आहे." नेहमीच्या म्हणजे माझ्या नेहमीच्या! ती ओळ खोडून "खिडकीजवळच्या कपाटात, वरून दुसरा कप्पा, निळी फाईल" असं लिहिलं. अशा सहा ओळी निघाल्या. धडधाकट असताना अर्ध्या तासात निघाल्या.

नोकरी असेल तर पान छोटं होईल, पण हवंच. किती आजारी रजा शिल्लक आहे, डॉक्टरांचा दाखला कितव्या दिवसापासून लागतो, कुणाला आणि कुठल्या मार्गाने कळवायचं. हे आजच विचारून लिहा. रोजंदारीवर असाल तर किमान दोन आठवड्यांचा खर्च बाजूला असावा हे म्हणणं सोपं आहे, जमवणं कठीण, मला माहीत आहे. ते जमत नसेल तर ज्यांचं देणं आहे त्यांच्याशी आधी बोला. उभ्या माणसाने मागितलेली मुदत मिळते, थकल्यावर मागितलेली मिळेलच असं नाही. आणि हिशेब दोन आठवड्यांचाच धरा. ताप चार-पाच दिवसांत जातो, पण थकवा आणि खोकला रेंगाळतात, शिवाय घरातला पुढचा माणूस पडला की तुम्हीच शुश्रूषेला.

साथ सुरू असताना: हात साबणाने वीस सेकंद, साबण नसेल तर किमान ६० टक्के अल्कोहोलचं सॅनिटायझर, गर्दीत मास्क, खिडक्या उघड्या, कोपरात खोकणं. हे सगळ्यांना पाठ आहे, फक्त करा. कणकण वाटली की कामावर जाऊ नका. "आजचा दिवस काढतो" म्हणणारा माणूस चार सहकाऱ्यांची रोजी बुडवतो. त्याच दिवशी पान मदतनिसाच्या हातात द्या. ताप चढायची वाट पाहू नका. संध्याकाळपर्यंत तुम्हाला नीट बोलता येईलच असं नाही.

आजारी पडल्यावर वेगळी खोली, भरपूर पाणी, झोप. धाप लागणं, छातीत दुखणं, गोंधळल्यासारखं बोलणं, ओठ निळसर होणं, लघवी जवळपास बंद होणं, किंवा ताप उतरून दोन दिवसांनी पुन्हा जोरात येणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच दवाखाना. हेही पानाच्या मागच्या बाजूला लिहा, कारण पाहणारा दुसरा असतो.

परत कामाला: तापाची गोळी न घेता २४ तास ताप नसेल तेव्हाच, आणि पहिले काही दिवस अर्धं काम. मास्क लावून.

साथ ओसरली तरी पान टाकू नका. १९१८ च्या साथीत दुसरी लाट पहिलीपेक्षा घातक निघाली. २००९ मध्ये स्वाइन फ्लूची जागतिक साथ जूनमध्ये जाहीर झाली आणि संपल्याचं ऑगस्ट २०१० मध्ये जाहीर झालं, म्हणजे चौदा महिने. माझं पान आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला नव्याने लिहिलं जातं. वर तारीख टाकते, एक प्रत कपाटाच्या दाराला आतून चिकटवते, दुसरी भावाकडे, आणि जुनी दोन्ही फाडून टाकते.