कॉलनीतल्या पोरांसोबत १८५६ ची हातगाडी: कसं करायचं

डिसेंबरच्या सुट्टीत पोरांना एक दिवस मोबाईलपासून लांब ठेवायचंय आणि वर डोक्यातही काहीतरी शिरायला हवंय, तर हे करून बघा. मॉर्मन लोकांची हातगाडी, म्हणजे अमेरिकेतल्या या पंथाचे गरीब लोक सामान हातगाडीवर ओढत पश्चिमेला गेले, तो प्रवास एक दिवस करून बघायचा. इंदूरमध्ये लागणारं सगळं मिळतं, खर्च म्हणाल तर गाडीचं भाडं आणि कणीक, बास.

आधी गोष्ट सांगा पण पाच मिनिटांत, लेक्चर कुणी ऐकत नाही. अमेरिकेत जोसेफ स्मिथने हा मॉर्मन पंथ काढला, आसपासच्या लोकांशी पटेना, १८४४ मध्ये जमावाने कार्थेजच्या तुरुंगात घुसून त्याला मारलं, मग १८४६ च्या फेब्रुवारीपासून त्याचे लोक नॉवू हे स्वतः वसवलेलं गाव सोडून पश्चिमेला निघाले. त्यांचा पुढचा नेता ब्रिगहॅम यंग पहिली तुकडी घेऊन १८४७ च्या जुलैत सॉल्ट लेकच्या खोऱ्यात (आजच्या युटामध्ये) पोचला. १८६९ ला रेल्वे होईपर्यंत साधारण सत्तर हजार जण गेले, त्यातले बहुतेक बैल जुंपलेल्या गाड्यांच्या तांड्यातून. हातगाडीवाले फक्त तीनेक हजार, १८५६ ते १८६०, कारण इंग्लंड आणि डेन्मार्ककडून आलेल्या गरीब लोकांना बैल परवडत नव्हते. हे नीट सांगा हं, नाहीतर पोरं समजतात सगळेच गाडी ओढत गेले. आणि ती जमीन काही रिकामी पडलेली नव्हती, मिसुरी नदीकाठी ओमाहा लोक, पुढे शोशोनी, युट, त्यांची नावं नकाशावर पोरांकडूनच लिहून घ्या.

आता खरं काम. प्रत्येकाला एक बॅग आणि १७ पौंड, म्हणजे ७.७ किलो. मोठ्या माणसाला एवढंच सामान न्यायची परवानगी होती, त्यात कपडे, अंथरूण-पांघरूण, भांडी सगळं आलं. रद्दीवाल्याकडचा हुकवाला काटा आणा, बाथरूममधला वजनकाटा बॅगेला नीट चालत नाही. पोरांना सांगा की आता घरी परत यायचं नाहीये, हिशेबाने भरा. हा भाग घाईत उरकू नका, तासभर गेला तरी जाऊ द्या, कारण सगळी मजा इथेच आहे. आमच्या इथल्या एका मुलीने कथ्थकचे घुंगरू आधी ठेवले, पावणेतीन किलो भरले, मग रजई ठेवली तर काटा पार पुढे गेला, मग तिने रजई काढून चादर घेतली आणि घुंगरू तसेच ठेवले. मी काही बोलले नाही. तुम्हीही बोलू नका, फक्त कोणी काय काढलं ते वहीत लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

गाडी. भाजीचा ठेला घेऊ नका, तो चार चाकांचा आणि बेअरिंगवाला असतो, पोरं पळवतच नेतात आणि मग म्हणतात यात काय एवढं. सियागंज किंवा लोहामंडीकडे दोन चाकांची हातगाडी वाहणारे लोक असतात, भिया दिवसभर का कितना म्हणून विचारायचं आणि शक्य तर त्यांनाच सोबत बोलवायचं, भाडं आणि दिवसाची मजुरी देऊन, कारण गाडीचा तोल कसा धरायचा ते त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. मूळ गाडी पूर्ण लाकडाची, मोठमोठी दोन चाकं, पुढे दांड्या आणि आडवी पट्टी, पट्टीला छातीने रेटायचं. साधारण पाच माणसांमागे एक गाडी. लाकूड ओलं वापरलेलं, घाईत बनवलेल्या गाड्या, कोरड्या हवेत ते आक्रसून तडकायचं आणि आसात रेती जाऊन लाकूड झिजायचं. मग लोक पत्र्याची भांडी कापून आसाला गुंडाळायचे, वंगण म्हणून खायची डुकराची चरबी आणि साबण लावायचे, आणि त्या वंगणाला परत रेती चिकटायची. पोरांना हे सांगताना गाडीचं चाक रिकामं फिरवून दाखवा, आपलं चाक किती सुखाने फिरतं ते लगेच कळतं.

रस्ता डांबरी नको, शेताकडचा कच्चा घ्या, आणि बायपासच्या आसपास तर अजिबात नको. जुलैत करणार असाल तर (२४ जुलैला युटामध्ये पायनियर डेची सुट्टी असते) आपल्या काळ्या मातीत चाक वीतभर रुतेल, तेव्हा अर्धा किलोमीटर खूप झाला. उतारावर गाडीच्या मागे दोरी बांधून दोन मोठी माणसं पाहिजेतच. दहा वर्षांखालच्यांनी ओढायचं नाही, फक्त सोबत चालायचं.

चालताना चाकाला लाल चिंधी बांधा. १८४७ च्या तुकडीत विल्यम क्लेटन नावाचा हिशेबनीस होता, रोज किती मैल झाले यावर लोकांचे वाद व्हायचे म्हणून त्याने बैलगाडीच्या चाकाला खूण बांधली, चाकाचा घेर १४ फूट ८ इंच, म्हणजे बरोबर ३६० फेऱ्यांना एक मैल, आणि ८ मे ला दिवसभर शेजारी चालत ४०७० फेऱ्या मोजल्या. सव्वाअकरा मैल भरले. नंतर ऑर्सन प्रॅटने दातेरी चाकांचं यंत्र सुचवलं, ॲपलटन हार्मनने ते लाकडात घडवलं, तेव्हा कुठे क्लेटन सुटला. पोरांनी आपल्या चाकाचा घेर दोरीने मापून किलोमीटरला किती फेऱ्या ते स्वतः काढायचं आणि मोजायचं. दोनशेच्या आत भांडण होतंच, होऊ द्या.

जेवण सोपं आहे. मोठ्या माणसाला दिवसाला एक पौंड पीठ, साडेचारशे ग्रॅम, ते घरच्या काट्यावर मोजून घ्या. पंधराएक पोळ्यांची कणीक होते, पोरं म्हणतात अरे भरपूर की, मग सांगा की यात दिवसाला १५५० च्या आसपास कॅलरी मिळतात आणि रोज १९ किलोमीटर गाडी ओढायची आहे. पुढे पुढे हेही कमी करत आणलं. माळरानावर लाकूड नाही म्हणून ते बायसनचं वाळलेलं शेण गोळा करून जाळायचे, तेव्हा आपण गोवऱ्यांवर बाट्या लावायच्या, पोरांनीच गोवऱ्या वेचून आणायच्या. तूप नाही. डाळ नाही. इंदूरकरांना हे फार जड जातं, पालक सुद्धा हळूच शेवेचं पाकीट काढतात, ते जप्त करा.

जेवण झालं की मतदान. १८५६ चा ऑगस्ट, मिसुरीकाठचं फ्लॉरेन्स, विली नावाच्या म्होरक्याची पाचशेच्या आसपास हातगाडीवाल्यांची तुकडी उशिरा पोचलीय. थांबायचं का निघायचं? लीव्हाय सॅव्हेज, जो नुकताच कलकत्ता आणि ब्रह्मदेश करून परतत होता आणि ज्याला पुढचा प्रदेश माहीत होता, तो म्हणतो हिवाळा इथेच काढा, म्हातारे आणि लेकरं मरतील. बाकीचे म्होरके म्हणतात देव सांभाळेल. फ्लॉरेन्सला एवढ्या लोकांना काम नाही, छप्पर नाही, हेही पोरांना सांगा, नाहीतर निघणारे नुसते मूर्ख वाटतात. चिठ्ठ्यांवर मत घ्या, शेवट सांगू नका. बहुतेक वेळा निघायचंच ठरतं. तेव्हाही तसंच ठरलं, आणि सॅव्हेज विरोधात बोलूनही त्यांच्यासोबतच गेला. निघायचं ठरलं की लगेच गाडीवर गव्हाचं ४५ किलोचं पोतं चढवा, तिथे प्रत्येक गाडीवर शंभर पौंडाचं पिठाचं पोतं असंच चढवलं होतं.

शेवटी कॅलेंडर. त्या वर्षीची पहिली हातगाडीची तुकडी आयोवा सिटीहून ९ जूनला निघून फ्लॉरेन्समार्गे २६ सप्टेंबरला सॉल्ट लेकला पोचली, साधारण २१०० किलोमीटर, १०९ दिवस. इंदूरहून नागपूरमार्गे कन्याकुमारीला पायी जाण्याएवढं. विलीची तुकडी आयोवा सिटीहूनच निघाली १५ जुलैला. याच वेगाने कधी पोचेल ते पोरांनी काढायचं. उत्तर येतं १ नोव्हेंबर. आता १९ ऑक्टोबरवर लाल पेनने गोल करायला सांगा, त्या दिवशी बर्फाचं वादळ आलं. गणितात तोवर अडीचशे किलोमीटर बाकी राहतात, प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त बाकी होते. त्यांच्या मागची मार्टिनची तुकडी तर २८ जुलैला निघालेली. ब्रिगहॅम यंगने सॉल्ट लेकला ५ ऑक्टोबरच्या सभेत मदत मागितली, ७ ला पहिल्या गाड्या सुटल्या, तरी दोन्ही तुकड्यांत मिळून दोनशेच्या वर माणसं दगावली.

इथे वही काढा आणि सकाळी कोणी रजई काढली, कोणी स्वेटर काढला ते वाचून दाखवा. चिडवायचं नाही, नुसतं वाचायचं. मग ज्याला बोलायचं असेल तो बोलेल. हो, आणि गाडी अंधार पडायच्या आत परत करा, नाहीतर दुसऱ्या दिवसाचं भाडं मागतात आणि त्यांचं बरोबरच असतं.